करवंटीतल्या कपच्या

गोव्यातल्या सावई-वेऱ्याच्या आमच्या घरात साबण संपला, असे कुणी म्हटलेले मला आठवत नाही. वडी झिजत जाई. आधी तिच्यावरचे नाव पुसले जाई, मग कडा गोल होत, मग ती मधोमध इतकी पातळ होई की उजेडाकडे धरली तर पलीकडच्या बोटाची सावली तिच्यातून दिसे, आणि एके दिवशी कुणाच्या तरी हातून निसटून न्हाणीतल्या दोन चिऱ्यांमधल्या फटीत जाऊन बसे. माडाच्या झावळीच्या हिराने ती तिथून उकरून काढणे हे घरातल्या सर्वांत लहान मुलाचे काम, म्हणजे बरीच वर्षे माझे. उकरलेली कपची कोनाड्यातल्या करवंटीत पडे. ही करवंटी नारळाच्या तीन डोळ्यांकडच्या अर्ध्या भागाची होती. त्या तिघांपैकी जो डोळा मऊ असतो तो आजीने खिळ्याने आरपार टोचून ठेवला होता, त्यामुळे आत पाणी साचत नसे आणि कपच्यांचा चिखल होत नसे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात साबण कोरडा ठेवण्याची ती युक्ती मला आजही बाजारातल्या कुठल्याही साबणदाणीपेक्षा सरस वाटते.

घरात बोलणे कोंकणीतून आणि पत्रे, हिशेब, पोथ्या मराठीतून, हा फोंडा महालातल्या पुष्कळ घरांचा रिवाज आमच्याकडेही होता. त्यामुळे साबणाविषयीचे आजीचे एकमेव वाक्य मला कोंकणीतच आठवते: "उडोव नाका गो, कामाक पडटलो." टाकू नकोस, उपयोगी पडेल. कशाच्या उपयोगी, हे ती सांगत नसे. वेळ आली की दाखवत असे.

आता मी फोंड्यात फ्लॅटमध्ये राहते. न्हाणी नाही, पाणी तापवायचे भाण नाही, विहीर तर नाहीच; पण बाथरूमच्या खिडकीत एक करवंटी आहे. गेल्या वर्षी निवृत्तीनंतरच्या रिकामपणात मी एक हिशेब केला. घरात माणसे तीन. वर्षभरात जेवढ्या वड्या झिजल्या तेवढ्या सगळ्यांच्या कपच्या जमवून, वाळवून, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. कपच्या निघाल्या ३१, वजन भरले २३६ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीमागे सात-आठ ग्रॅम. त्याची किंमत काढली तर शंभर रुपयांच्या आसपास जाते. तेवढ्यात आजच्या भावाने दोन नारळ यावेत. हा आकडा मी मुलीला मोठ्या अभिमानाने कळवला आणि तिने बेंगळुरूहून फोनवर विचारले, "आई, त्यासाठी वर्षभर?" प्रश्न रास्त होता. पैशाच्या दृष्टीने या उद्योगाचे समर्थन करता येत नाही, हे मी इथेच मान्य करून टाकते.

पण वजनकाट्यावर त्या कपच्या पाहताना एक गोष्ट पहिल्यांदा नीट ध्यानात आली. पेन्सिलीचा थोटूक लिहीत असला तरी त्याच्या मागचे खोडरबर गेलेले असते. मेणबत्तीच्या शेवटच्या तुकड्यात वात उरत नाही. साबणाच्या बाबतीत तसे काहीच होत नाही. शेवटच्या कपचीत तोच साबण असतो जो पहिल्या दिवशी वडीत होता, तेवढाच फेसाळणारा, तेवढाच मळ काढणारा. तिच्यात उणे होते ते फक्त हाताला पकड देणारे आकारमान. आजीचे सगळे उद्योग मी त्यानंतर पुन्हा आठवून पाहिले, तेव्हा दिसले की ते दोनच प्रश्नांच्या उत्तरांत बसतात: या कपचीला धरायचे कसे, आणि पातळपणाच ज्यात उपयोगी पडेल असे काम कोणते.

पोर्तुगीज भाषेत कपड्यांच्या साबणाला 'सबांव' आणि अंगाच्या साबणाला 'सबोनेत' म्हणतात. सबोनेत म्हणजे शब्दशः छोटा सबांव. आपला साबण हा शब्दही त्याच गोत्रातला. दोन्हींचे मूळ मागे जात लॅटिन 'सापो'पर्यंत पोहोचते, फक्त आपल्याकडे तो अरबी-फारसीच्या वाटेने आला. छोट्याचेही छोटे झालेल्या कपचीला मात्र कोणत्याच भाषेने वेगळे नाव दिलेले दिसत नाही. कदाचित म्हणूनच ती इतक्या सहज टाकली जात असावी.

सगळ्या कपच्या सारख्या नसतात, हे करवंटीत त्या एकत्र ठेवल्यावर लगेच कळते. काही लाकडासारख्या कडक राहतात, काही आठवडाभरात गिलाव्यासारख्या होतात. कारण वेष्टनावर छापलेले असते, पण ते वाचायची आपल्याला सवय नाही. तेलाची कॉस्टिक सोड्याशी क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. त्या साबणात तेलापासून आलेला खरा अंश किती, हे टीएफएम या आकड्याने दाखवतात. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत हा अंश किमान ७६ टक्के असावा लागतो, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०; आणि 'बेदिंग बार' असे ज्यावर लिहिलेले असते त्यात ४० टक्केही चालतो. उरलेल्या जागेत पाणी, भुकटी आणि इतर द्रव्ये असतात. जास्त टीएफएमच्या वडीची कपची शेवटपर्यंत ताठ राहते आणि साठवण्याजोगी असते. कमी टीएफएमवाल्या वडीची कपची साठवू नये. ती हात धुवायला बेसिनवर ठेवून दोन दिवसांत संपवून टाकावी. आजीला टीएफएम ठाऊक नव्हते, पण ती वडी विकत घेताना नखाने टोकरून पाहत असे आणि दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडत.

धरायचे कसे, याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे जुनी कपची नव्या वडीला चिकटवणे. हे सगळ्याच घरांत करतात आणि बहुतेक घरांत ते फसते, कारण घाई होते. साबणाच्या वड्या यंत्रात शेवयांच्या साच्यासारख्या प्रकाराने दाबून लांबलचक दांड्याच्या रूपात बाहेर येतात, मग कापून त्यांवर ठसा मारतात. त्यामुळे प्रत्येक वडीला एक अंगभूत दिशा असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि त्या दिशेने तडकते. झिजून वाळलेली कपची आणि पाण्याचा अंश अजून आत असलेली नवी वडी या दोघी वेगवेगळ्या गतीने आकसतात, म्हणून चिकटवलेली कपची चौथ्या दिवशी पापुद्र्यासारखी सुटून येते. माझी रीत अशी आहे: नव्या वडीच्या ज्या बाजूला नाव खोलगट कोरलेले असते ती बाजू घ्यायची, दोघींना दहा मिनिटे पाण्यात ठेवायचे, कपचीचा फुगीर भाग त्या खोलगटात बसवून अंगठ्याने कडा दाबत जायचे, आणि मग रात्रभर त्या जोडीला कुणी हात लावायचा नाही. घरातल्या पुरुषांना ही शेवटची अट पाळणे जड जाते. जून ते ऑगस्ट या काळात हवेतच इतकी ओल असते की एका रात्रीत जोड पक्का होतो; एप्रिल-मेमध्ये पूर्ण दिवस द्यावा लागतो, आणि तरीही एकाच जातीच्या दोन वड्या असल्या तरच.

दुसरे उत्तर आजीचे होते आणि मला ते अधिक आवडते. परसातल्या वेलावर एखादे घोसाळे बियाण्यासाठी म्हणून वाळेपर्यंत ठेवलेले असे. त्याची साल सोलून बिया झटकल्या की आतली जाळी उरते. त्या पोकळ जाळीत कपच्या भरायच्या आणि टोक सुंभाने बांधायचे. मग साबण आणि अंग घासायची जाळी हे दोन्ही एकाच वस्तूत मिळते, आणि ते हातातून निसटत नाही. भाटात माडांना आळी करून आलेल्या माणसांच्या हातापायांची लाल माती काढायला याच्याइतके चांगले साधन नाही. घोसाळे नसेल त्या वर्षी जुन्या मलमलीच्या चिंधीची पुरचुंडी. ही पुरचुंडी विहिरीजवळ रहाटाच्या खांबाला आखूड दोरीने टांगलेली असे, आणि ती टांगण्यामागे कावळा हे कारण होते.

कावळा साबण पळवतो, हे शहरात वाढलेल्या मुलांना खोटे वाटते. साबण मुळात स्निग्ध पदार्थापासून बनलेला, त्यामुळे कावळा आणि उंदीर या दोघांनाही तो खाद्य वाटतो. विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलेली आख्खी वडी एकदा कावळ्याने चोचीत धरून उचलली आणि शेजारच्या फणसावर नेली. तिथून ती खाली पडली ती शेणाच्या खड्ड्यात. आजी त्या खड्ड्याकडे बराच वेळ पाहत उभी होती. तिने ती वडी काढली की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही आणि त्या आठवड्यात हात जरा कमीच धुतले.

आमच्या विहिरीचे पाणी जांभ्या दगडातून आलेले, म्हणून मऊ होते आणि इवलीशी कपचीसुद्धा भरपूर फेस देई. दिवाडी बेटावरच्या मावशीकडे मे महिन्यात याच्या उलट अनुभव येई. खाजन म्हणजे खाडीकाठच्या शेतांजवळच्या तिच्या विहिरीत उन्हाळ्याच्या शेवटी खारेपण चढे आणि साबण फेसाऐवजी दह्यासारखा फाटून बसे. मिठाच्या पाण्यात साबण विरघळत नाही, तो वेगळा होतो. साबण बनवणारे कारखाने हाच गुण वापरून साबण आणि ग्लिसरीन वेगळे करतात, हे पुढे कॉलेजात कळले. मावशी त्या दिवसांपुरता खोबरेल तेलाचा साबण राखून ठेवत असे. खोबरेलापासून केलेला साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो आणि खलाशांसाठी पूर्वी मुद्दाम तसाच साबण बनवत. मावशीने यातले काहीही वाचलेले नव्हते.

इथे मुलीचा दुसरा आक्षेप नोंदवला पाहिजे, कारण तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. निरनिराळ्या माणसांच्या अंगाला लागलेल्या कपच्या एकत्र करून पुन्हा वापरायच्या, हे तिला किळसवाणे वाटते. मी तिला १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. त्यात साबणाच्या वड्यांवर मुद्दाम जंतू सोडले होते, तेही नेहमीच्या वापरात आढळतात त्यापेक्षा कितीतरी अधिक, आणि त्या वड्यांनी हात धुतलेल्या १६ माणसांपैकी एकाच्याही हातावर नंतर ते जंतू सापडले नाहीत. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पटलं, पण केस?" केसांना माझ्याकडे उत्तर नाही. कपची करवंटीत टाकण्यापूर्वी मी ती आता नीट धुऊन घेते. तिच्या घरी बाटलीतला द्रव साबण असतो; तो संपत आला की तीही बाटलीत पाणी घालून, हलवून, आणखी चार दिवस काढते, याकडे मी तिचे लक्ष वेधले नाही.

कपच्यांचा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा उपयोग मात्र स्वच्छतेशी संबंधित नाही. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात; हा शब्द पोर्तुगीज भाषेने मागे ठेवला. सावईच्या घरी दर पावसाळ्याच्या तोंडाला एक म्हातारे मेस्त येत आणि त्यांच्या हत्यारांच्या पेटीत रंधा, किकरे, पटाशी यांच्याबरोबर साबणाची एक पिवळी पडलेली कपची असे. जुन्या सागवानात स्क्रू फिरवण्यापूर्वी ते त्याचे आटे त्या कपचीवरून ओढत, आणि जो स्क्रू एरवी अर्ध्यावर अडून डोके सोलून घेई तो लोण्यात गेल्यासारखा आत जाई. करवतीच्या पात्यालाही ते तीच कपची लावत. पावसात घरातली सगळी दारे फुगत. देवघराच्या शेजारच्या खोलीचे दार तर जुलैमध्ये असे बसे की ते उघडायला खांदा लावावा लागे. मेस्त त्याला रंधा मारू देत नसत. पावसात रंधून बसवलेले दार दिवाळीनंतर वाळले की चौकटीत खुळखुळते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरे आहे, कारण लाकूड ओल घेते तशी ती परत टाकतेही. म्हणून ते आधी दार हळूहळू लावून कुठे घासते ते पाहत. घासल्याची जागा गुळगुळीत आणि काळपट दिसते. मग तिथे कोरडी कपची नखभर जाडीचा थर बसेपर्यंत रगडत. कोरडी म्हणजे अगदी कोरडी. ओला साबण लावला तर लाकूड तेच पाणी पिते आणि आणखी फुगते. महिनाभर दार शहाण्यासारखे वागे, आणि मग पुन्हा कपची.

फ्लॅटमध्ये दारे प्लायवूडची, तीही फुगतात, पण ज्या लाकडाचे पूर्वज जंगलात होते त्यांच्या ऐटीने फुगत नाहीत. तरी कपाटाचे खण, पडद्याच्या कड्या, प्रवासी बॅगेची अडणारी चेन यांच्यासाठी मी कपची वापरते आणि तेल वापरत नाही, कारण तेलावर धूळ बसते आणि ते कापडाला डाग पाडते. एक सावधगिरी मात्र मेस्तांनीच सांगितलेली: साबण ओल ओढतो, म्हणून समुद्राजवळच्या घरात लोखंडी स्क्रूला तो लावू नये, पितळी असेल तर हरकत नाही. लोखंडासाठी त्यांच्या पेटीत मेणाचा एक तुकडा वेगळा असे.

शिंप्याच्या कामाविषयी थोडक्यातच सांगते. गडद कापडावर खुणा करायला पांढऱ्या साबणाची धारदार कपची खडूपेक्षा चांगली चालते, रेघ बारीक येते आणि पहिल्या धुण्यात जाते. रंगीत साबण वापरू नये, आणि रेशमावर तर कुठलाच नको; मी हे एका ब्लाउजपीसचे मोल देऊन शिकले आहे. शिवायच्या सुया साबणात टोचून ठेवल्या तर जाड कापडातून त्या सहज पार होतात, पण आमच्या हवेत दोन आठवड्यांत त्यांना गंज चढतो. इथे मेस्तांचा नियम सुयांनाही लागू आहे.

बांगड्यांचा विषय निघाला की मला आमची कासारीण दिसते. गोव्यात लग्नापूर्वी मुलीला चुडा भरतात, हिंदूंत आणि ख्रिश्चनांतही. हातभर काचेच्या काकणांचा तो सोहळा मामाच्या घरी किंवा मामाच्या मानाने होतो. कासारणीच्या टोपलीत काकणांच्या माळांखाली एका डबीत ओली कपची असे. मुलीचा हात ती आपल्या गुडघ्यावर घेई, अंगठ्याचा सांधा तळव्याकडे मिटवून धरी, त्यावर साबणाचे बोट फिरवी आणि बोलता बोलता काकण पार करी. मुलगी "आई गं" म्हणेपर्यंत ते मनगटावर पोहोचलेले असे. जास्त साबण लावला तर काकण निसटून फुटते आणि चुडा भरताना काकण फुटणे कुणालाच आवडत नाही, म्हणून ती आख्खी वडी कधीच वापरत नसे. कपचीवरून येतो तेवढाच बुळबुळीतपणा तिला पुरत असे.

त्या डबीची आठवण मला चाळीस वर्षांनी उपयोगी पडली. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा तिच्या उजव्या हातातली सोन्याची पाटली निघेना. हात सुजलेला, वय ऐंशीच्या पुढे, आणि परिचारिका म्हणाली की कापावी लागेल. आईने माझ्याकडे असे पाहिले की जणू पाटली मीच कापणार होते. मी बॅगेच्या चेनसाठी पर्समध्ये ठेवलेली कपची काढली, तिचा हात दहा मिनिटे उशीवर उंच धरून ठेवला, सूज थोडी उतरल्यावर ओल्या कपचीने सांधा माखला, आणि कासारणीसारखा अंगठा आत मिटवून पाटली उलट्या वाटेने आणली. हात वर धरण्यानेच निम्मे काम झाले होते, हे सांगितले पाहिजे. साबणाने उरलेले केले. पाटली पदराला पुसून आईने ती माझ्याकडे दिली आणि कपचीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती खंय उडयली?" कुठे टाकलीस, म्हणजे टाकली तर नाहीस ना. आजीची ती सूनच होती.

सगळे प्रयोग साधले असे मुळीच नाही. जास्वंदीवर पांढरा पिठ्या पडला तेव्हा कपच्या किसून लिटरभर पाण्यात चमचाभर या प्रमाणात फवारल्या. पिठ्या मेला, कारण त्याच्या अंगावरचा मेणचट थर साबणाने सुटतो आणि किडा कोरडा पडून मरतो. पण मी फवारले भर दुपारी, आणि साबण होता भरपूर अत्तराचा. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. आता मी तो फवारा संध्याकाळी मारते, बिनवासाच्या कपचीचा मारते, आधी दोन पानांवर करून पाहते आणि सकाळी साध्या पाण्याने झाड धुते. फवारा वाळला की त्याचा जोर संपतो, म्हणून आठवड्याने पुन्हा मारावा लागतो, आणि खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर त्या पिठ्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी त्याला पुन्हा नांदवतात.

कपच्या वितळवून नवी वडी करण्याचा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. तो मी दोनदा अमलात आणला आणि दोन्ही वेळा पस्तावले. साबण लोण्यासारखा वितळत नाही. पाणी घातले तर त्याची पेज होते, न घातले तर तो करपतो, आणि ढवळले तर फेस उतू जातो. तासभर गॅस जाळून जी वडी मिळाली ती महिनाभर वाळवूनही बोटाने दाबली जाई, आणि त्या पातेल्यात पुढचे सहा महिने काही शिजवले की चंदनाचा वास येई. कपच्या किसून वॉशिंग मशीनमध्ये टाकणे हाही तसाच उपद्व्याप आहे. मशीनला कमी फेसाची भुकटी लागते, आणि साबणाच्या फेसाने बाहेर कसे यावे हे कुणी शिकवावे लागत नाही. त्यापेक्षा आजीची चुलीवरची युक्ती कितीतरी शहाणपणाची होती: पाणी तापवायचे भांडे चुलीवर ठेवण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून राखेचा किंवा साबणाचा ओला हात फिरवायचा. काजळी धातूवर न बसता त्या थरावर बसते आणि नुसत्या पाण्याने धुऊन निघते. वर्षातून एकदा परसात मोठ्या पातेल्यात पातोळ्या उकडते, तेव्हा मी अजून तसे करते.

गॅसच्या नळीची तपासणीही कपचीच्या पाण्याने होते. सांध्यावर फेस लावायचा आणि बुडबुडे फुगताना दिसतात का ते पाहायचे. चष्म्याच्या काचेवर कोरडी कपची हलकेच फिरवून मऊ कापडाने पुसली तर वाफेने काच धूसर होत नाही, कारण पाण्याचे थेंब न होता ते सपाट पसरते. मात्र ज्या काचांवर खास लेप असतो त्यांवर हे करू नये.

साबणाला न जमणाऱ्या दोन गोष्टी गोव्यात राहणाऱ्या माणसाला लवकर कळतात. एक फणसाचा चीक. त्यावर साबण घासाल तेवढा तो बोटांत अधिक गुंतेल. आधी खोबरेल तेल, मग साबण, हाच क्रम, कारण चीक तेलात सुटतो आणि तेल साबणात. दुसरी माशांचा वास. बांगडे साफ केल्यावर तीन वेळा साबण लावूनही बोटांना वास राहतो, कारण तो वास अल्कधर्मी द्रव्याचा आणि साबणही अल्कधर्मी. तिथे आंबट लागते. अंगणात बिंबलाचे झाड असेल तर एक फळ बोटांवर चिरडले की काम होते, नाहीतर भिजवलेले आमसूल आहेच.

माझा एक भाचा कळंगुटच्या बाजूच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये आहे. त्याने एकदा सांगितले की पाहुणा एका रात्रीसाठी आला आणि वीस ग्रॅमच्या चिमुकल्या वडीने दोनदा हात धुऊन गेला, तरी ती वडी दुसऱ्या पाहुण्याला देता येत नाही. जगात आता अशा वड्या गोळा करून, वरचा थर खरवडून, निर्जंतुक करून पुन्हा नव्या वड्या पाडणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेत ओरलँडोला २००९ साली सुरू झालेली क्लीन द वर्ल्ड ही त्यांतली एक मोठी. भाचा हे सांगत असताना मी मनात गुणाकार करत होते: सात-आठ ग्रॅमच्या कपचीसाठी मी वर्षभर करवंटी राखते आणि तिथे दर सकाळी जवळजवळ आख्खी वडी कचऱ्यात जाते. मी त्याला म्हटले, मला थोड्या आणून दे. तो म्हणाला, "मावशी, नियमात बसत नाही." मग मी आग्रह केला नाही.

सावईचे घर आता वर्षभर बंद असते आणि चवथीला उघडते. गेल्या चवथीला देवघराशेजारचे ते दार नेहमीप्रमाणे बसले होते. मेस्त केव्हाच गेले. मी पर्समधली कपची काढून कडेला रगडली आणि भावाने खांदा लावला. न्हाणीत भाण नाही, कोनाड्यातली करवंटी आहे, पण रिकामी. काठावर उंदराच्या दातांच्या बारीक रेघा. हात धुवायला वाकले तेव्हा चिऱ्यांमधल्या फटीत काहीतरी फिकट दिसले. बाहेरून एक हीर मोडून आणला आणि उकरले. कपची होती, नखाएवढी, तडकलेली, कुठल्या साबणाची ते ओळखता येत नव्हते आणि वास तर उरलाच नव्हता. कळशीतले पाणी ओतून ती दोन्ही तळव्यांत बराच वेळ चोळली. फेस आला. आतून गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या काठ्या धरायला हाका मारत होते, म्हणून उरली तेवढी करवंटीत टाकून मी हात पुसत आत गेले.